हिवात गेलेली घोटणी

बोलू की नको, बोलू की नको, असं करत कितीतरी पावसाळे गेले. आज बोलतेच. पण हळू बोलते. तुम्हीही जरा कान जवळ आणा. मी एक घोटणी आहे. कुंभाराच्या घरची, मडकी घासून चमकवायची काळी घोटणी. आता मला पाहाल तर तुम्हाला पटायचं नाही, कारण आता मी एखाद्या वाटीसारखी दिसते. वाटी कशी झाले, कोणत्या हिवात जाऊन आले, आणि माझ्यापायी एका बाईचा नवरा मरणाच्या तोंडात कसा शिरला, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

माझी जात दगडाची. पण दगडासारखी मी कडक नाही. बोट लावलंत तर बोट काळं होतं आणि लोणी चोपडल्यासारखं गुळगुळीत लागतं. शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या शिसपेन्सिलीत काळी काडी असते ना, ते माझंच गोत. शिकलेले लोक मला ग्राफाइट म्हणतात. कुंभारणी नुसतं ‘काळी’ म्हणायच्या. अंगानं मी पापुद्र्यापापुद्र्याची. पळसाची पानं एकावर एक रचून दाबून बसवावीत तशी.

जन्म माझा चांदा जिल्ह्यातला, अहेरीच्या अंगाच्या जंगलातला. गावामागं एक टेकडी आणि टेकडीच्या पोटात एक बीळ. अस्वल अंग चोरून शिरेल एवढंच त्याचं तोंड. आत अंधार, ओली माती, आणि त्या मातीत माझे सगळे भाऊबंद. उन्हाळ्यात कुंभारणी तिथं येत. एकीनं कमरेला दोरी बांधून सरपटत आत जायचं, दुसरीनं बाहेर दोरीचं टोक धरून बसायचं. मुठीत मावेल तेवढंच घ्यायचं. आणि आत माणूस असताना बाहेर कुणी तोंड उघडायचं नाही. खोकलासुद्धा पदरात दाबायचा. आवाजानं माती जागी होते, असं त्या म्हणत. बोलायचं ते दोरीनं. दोन हिसके दिले की बाहेर ये.

आम्हा दगडांना त्यांची भीती वाटत नसे. त्यांचीच भीती आम्हाला ऐकू येई. बिळात शिरलेल्या बाईचा श्वास फार मोठा होतो.

एका उन्हाळ्यात रंभा नावाची कुंभारीण आत आली. बाहेर दोरी धरून तिची लेक मनकर्णा बसली होती, अजून परकरातली पोर. रंभाच्या बोटांनी मला उचकटून काढलं, मुठीत धरलं, आणि माती सुटली. मोठा आवाज नाही झाला. पोतं रिकामं करताना जशी सळसळ होते, तेवढीच. मग बाहेरून दोरीला दोन हिसके आले. पुन्हा दोन. मग ते येतच राहिले, येतच राहिले.

गाव धावून आलं. रंभाला बाहेर काढलं तेव्हा तिची मूठ मिटलेलीच होती. ती मूठ उघडून मला बाहेर काढलं ते मनकर्णानं. त्या दिवसापासून मी तिची झाले. बिळाच्या तोंडावर लोकांनी बोरीच्या काट्या रचल्या. मग तिकडं कुणी फिरकलं नाही. घराघरात होत्या त्या घोटण्यांवर कुंभारवाडा चालला. आम्ही झिजतो, पण फार सावकाश.

मनकर्णाचं लग्न गावातच झालं. नवरा मुखरू. चाकावर त्याचा हात असा फिरायचा की मातीलाही उठून उभं राहावंसं वाटे. पण तोंड मोठं. बोलायला लागला की चार जणांचं एकटाच बोलून घ्यायचा. तो घागरी घडवायचा, मनकर्णा भाजलेल्या घागरी मांडीत घेऊन मला त्यांच्या पोटावरून फिरवायची. वरून खाली, वरून खाली. घागर आधी राखी दिसे, मग काळी, मग चांदीच्या मुलाम्यासारखी चमके. अहेरीच्या बाजारात बाया आधी घागर वाजवून पाहत आणि मग हळूच तिच्या पोटात आपलं तोंड बघून पदर नीट करत. मला त्याची मोठी गंमत वाटे.

पण एक सांगते. काम करता करता मागं कुठं भिंतीची माती गळली, उंदरानं खडा पाडला, तरी मनकर्णाची बोटं माझ्यावर एकदम आवळत. मुखरू चाक थांबवून हसायचा.

“अवो, उंदीर होय! वाघ नाई.”

“वाघ परवडला,” ती म्हणायची.

इंग्रज जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. अहेरीच्या बाजारात एक साहेब आले. डोर्लीकर त्यांचं नाव. मूळचे नागपूरकडचे, पण दूर उत्तरेत एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कामाला. सुटीत जंगल पाहायला आले होते. सोबत जंगलखात्याचा नाकेदार. साहेबांनी मनकर्णाच्या घागरीवरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि खाली उकिडवे बसले.

“बाई, हे कशानं घासता?”

मनकर्णानं मला पदराखाली घेतलं. मुखरूनं मात्र छाती पुढं केली. “आमची घोटणी हाये साहेब. अशी काळी उभ्या मुलखात नाई भेटनार. दाखव वो!”

साहेबांनी मला उन्हात धरलं. माझा एक पापुद्रा नखानं सोडवला आणि त्यांचे डोळे चमकले. “किती निर्मळ आहे! मला काही दिवस द्याल? एका प्रयोगासाठी हवी आहे. परत आणून देईन.”

“मी नाई देत,” मनकर्णा म्हणाली.

नाकेदार हसला. “बाई, जंगलातला दगड सरकारचा असते. साहेब तुले मागून राह्यले हेच लय झालं. दे ना.”

नाकेदारापुढं आमच्याकडं कुणाचं काय चालतं? त्याच्या मनात असेल तर चुलीचं सरपण मिळतं, नसेल तर कुऱ्हाड जप्त होते. मनकर्णानं एवढंच विचारलं, “कुठी नेऊन राह्यले हो तुमी इले?”

साहेब भले होते. समजावून सांगायला लागले. “फार थंड जागी ठेवणार आहे. तुमच्या पौषातल्या हिवापेक्षा कितीतरी जास्त. जगात कुठंच नसेल एवढ्या थंडीत.”

झालं! त्या बाईनं मला साहेबांच्या हातून काढून घेतलं. म्हणाली, “उद्या घरून घेऊन जाजा. आज माया हातचं काम राह्यलं हाये.”

काम कसलं राहिलं होतं! घरी आल्यावर तिनं चुलीपुढं मला ठेवलं. मी चांगली ऊन झाल्यावर टोरीचं तेल घेतलं. टोरी म्हणजे मोहाच्या बिया; त्यांचं घट्ट, पिवळं तेल आमच्याकडं हिवाळ्यात लेकरांच्या छातीला चोळतात. तसंच तिनं मला चोळलं. अंगभर. मी पापुद्र्याची, त्यात तापलेली. तेल पार आतपर्यंत मुरलं. मग साहेबांचा खिसा काळा होऊ नये म्हणून तिनं मला फडक्यानं लख्ख पुसलं. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

शेजारची धुरपता दारातून पाहत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. “काऊन वो मनकर्णे, पोरगी सासरी धाडून राह्यली का? काजळही लाव!”

“हसतं तर हास. थंडीनं तडकली तर कुठून आनू दुसरी?”

आणि अशी मी निघाले.

रस्त्याचं काय सांगू? डब्यात बंद होते. प्रयोगशाळेत डबा उघडला तेव्हा आधी करवत दिसली. त्यांनी मला कापलं, कोरलं, आणि बोटभर उंचीची वाटी केली. वरून स्पिरिट लावून पुसलं. आतलं तेल आतच राहिलं. मग मला तारेला टांगून एका काचेच्या लांब नळकांड्यात सोडलं. काचेच्या आत काच, तिच्या आत आणखी काच, आणि मध्ये मी. बाहेर एक पंप दिवसभर धापा टाकत होता.

थंडी आली ती हळूहळू नाही आली. पहिल्यांदा माझ्यातली बिळाची आठवण गोठली, मग चुलीची. हेलियम नावाची एक हवा आहे म्हणे. तिला एवढं गारठवलं होतं की तिचं पाणी झालं होतं, आणि तरी ते पाणी उकळत होतं. त्यातलं थोडं त्यांनी माझ्या पोटात भरलं. पंप आणखी जोरात चालवला. थंडी आणखी खाली गेली. आणि ते खदखदणारं पाणी एकाएकी गप्प झालं. एक बुडबुडा नाही. रडणारं लेकरू एकदम थांबलं की आईच्या काळजाचं पाणी होतं ना, तशी ती शांतता होती.

मग मला अंगावर काहीतरी चढताना जाणवलं.

ते पाणी चढत होतं. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. माझ्या आतल्या अंगाला धरून, डोळ्याला दिसणार नाही अशा पातळ सायीसारखं, वर, वर, काठावर, काठावरून बाहेर, आणि बुडाखालून थेंब थेंब गळत होतं. अगदी मला चिकटलेला थर होता तो हलत नव्हता. तो भ्यायल्यासारखा घट्ट बसला होता. त्याच्यावरचं सगळं मात्र निसटत होतं. मी ओरडले असते, पण कशानं ओरडू? उन्हातान्हातली मी, ज्या मुलखात पाणी खालीच वाहतं तिथली.

बाहेरून साहेब एका फटीतून डोळा लावून पाहत होते. हातात घड्याळ. काचेची वाटी जेवढ्या वेळात रिकामी व्हायची, त्याच्या कितीतरी आधी मी रिकामी झाले. साहेब उडालेच.

“देखो, देखो!” ते सोबतच्या माणसाला म्हणाले. “इतनी जल्दी! यह पत्थर कुछ और ही है!”

पुन्हा भरली, पुन्हा तेच. त्यांचा चहा टेबलावर थंड होऊन साय धरून बसला, त्यांना भान नाही. पुढं मोठ्या लोकांच्या सभेत त्यांनी सांगूनही टाकलं की आमच्या जंगलातल्या एका टेकडीचा दगड जगावेगळा आहे, त्याच्या अंगावरून हे पाणी पळत जातं. आता मोठे तुकडे हवेत. पाटीएवढे. मला तर ठाऊक होतं ना माझ्या अंगात काय मुरलंय! पण मला विचारतो कोण? मी कापसात पडून एकच गोष्ट मनात घोकत होते. मोठे तुकडे म्हणजे बीळ. बीळ म्हणजे आत शिरणारं माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात एक ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानं धूळ उडवत आमच्या गावात शिरला. ट्रकात साहेब, त्यांच्या मांडीवरच्या डब्यात मी, मागं एक ठेकेदार, त्याची माणसं, पहारी, दोर आणि बारुदाचं पिंप. ट्रक हाकणारा कमरुद्दीन चांद्याचा. वाटेत तो साहेबांना म्हणाला होता, “साब, गोटे आणायला एवढा खर्च? आमच्या गल्लीत फुकट भेटते, वरून पोरं फेकूनही मारते.”

ट्रक मनकर्णाच्या अंगणात उभा राहिला. सगळा कुंभारवाडा भोवती जमला. पण ट्रक पाहून हसलं कुणी नाही. बारुदाचं पिंप पाहून बायांनी लेकरं उचलून कडेवर घेतली.

ठेकेदारानं विचारलं, “बीळ कोणाले माहीत हाये?”

सगळे खाली पाहू लागले. मुखरू पुढं झाला.

“मले माहीत हाये. सासूले काढलं तवा मीच दोन हातानं माती उपसली. कुठी काळी हाये, कुठी माती, मले डोळे झाकून समजते.”

“मग तू आधी जाऊन पाय. जागा ठोस असन तं बारूद लावू.”

मनकर्णा चुलीपुढून उठून तशीच आली. हाताला पीठ.

“अजी, घरात या.”

“काऊन?”

“या म्हनलं ना.”

“अवो, पूरा गाव पाहून राह्यला. आता मागं सरू का? लोक म्हनतीन मुखरू बायकोच्या पदराले भेते.”

“म्हनू द्या. मायले काढलं तवा तिच्या नाकात माती होती. तोंडात माती होती. तुमीच पुसली ना? इसरले का?”

मुखरूचा चेहरा क्षणभर पडला. पण मागं धुरपताचा नवरा, नाकेदार, ठेकेदार, सगळे उभे. तो हसला. मला ते हसू ओळखू आलं. बिळात शिरताना बायांचा श्वास मोठा होई, तसं ते मोठं होतं. “एवढंसं पाहून येतो,” म्हणाला, आणि दोर खांद्यावर टाकून ठेकेदाराच्या माणसांबरोबर टेकडीकडं निघाला. धुरपताही न बोलता त्यांच्या मागं गेली.

मनकर्णा साहेबांकडं वळली. “साहेब, थे बीळ लय वाईट हाये.”

“लाकडी टेकू लावू बाई. आज फक्त पाहणी आहे. काही होणार नाही.” साहेबांना तिचं मन रमवावं असं वाटलं असेल. त्यांनी डबा उघडला. “हे पाहा, तुमची घोटणी. सांगितल्याप्रमाणं परत आणली.”

तिनं मला ओंजळीत घेतलं. उलटी केली, सुलटी केली. अंगठा माझ्या पोकळ पोटात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अगो माय! थंडीनं कशी आखडून गेली! पोटात खड्डा पडला इच्या!”

कमरुद्दीन हसायला लागला. “आखडली नाई बाई, कापली! साहेबानं कटोरी बनवली.”

पण तिचं लक्षच नव्हतं. ती आत गेली आणि तेलाचं मडकं घेऊन आली. “तेल कमी पडलं. मले वाटलंच होतं. जाडं लावाले पायजे होतं.” आणि बोटभर टोरीचं तेल काढून माझ्या पोटात चोळू लागली.

साहेब एकदम पुढं झाले. “अहो, काय करता? तेल लागलं तर वाया जाईल ती!”

“मागं गेली तवा नाई वाया गेली. तवाही लावलं होतं.”

साहेबांचा हात हवेत तसाच राहिला. “कधी लावलं होतं?”

“तुमी नेली त्याच्या आदल्या दिवशी. चुलीपुढं शेकून लावलं. तुमीच म्हनले ना जगात नसन अशा थंडीत ठेवतो म्हनून? बिना तेलाची कशी धाडू?”

साहेब ट्रकाच्या पायरीवर बसले. त्यांनी मला तिच्या हातून घेतलं, नखानं माझा पापुद्रा सोडवला, नाकाशी नेला. मी त्यांच्या तळव्यावर होते आणि तो तळवा घामानं ओला झाला.

“काय झालं जी?” तिनं भीत भीत विचारलं. “माया तेलानं काई बिघडलं का?”

“स्वच्छ अंगावरून ते पाणी बेतानं चालतं,” साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “अंगावर मळ गोठलेला असला की पळतं. दगडात काहीच नव्हतं. सगळं तुमच्या तेलाचं.”

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. पण एक गोष्ट तिनं नेमकी पकडली. “म्हंजे गोटा नाई पायजे तुमाले?”

साहेबांची मूठ मिटली. मी त्यांच्या मुठीत होते, मला त्यांची नाडी लागत होती. हा माणूस भ्याला होता. ज्या सभेत त्यानं छाती काढून सांगितलं, तिथं जाऊन आता काय म्हणायचं? एका बाईनं लेकरासारखं तेल चोळलं होतं, असं? गप्प राहणं किती सोपं होतं. गोटे निघाले असते, ते स्वच्छ धुतले असते, काही निघालं नाही तर दोष टेकडीला गेला असता. ते उठले आणि टेकडीकडं चालू लागले. भराभर नाही. पाय ओढत. मनकर्णा त्यांच्या मागं, पुन्हा पुन्हा तेच विचारत.

“साहेब, सांगा ना. पायजे का नाई पायजे?”

बिळाशी पोचलो तर काट्या बाजूला सारलेल्या. माणसं उभी. आणि दोर बिळात गेलेला. मुखरू आत शिरला होता.

मनकर्णानं तोंडावर पदर दाबला. ती ओरडली नाही. ओरडणार कशी? तिनं ठेकेदाराच्या माणसाच्या हातून दोर काढून घेतला आणि खाली बसली. लहानपणी जशी बसली होती, अगदी तशी.

ठेकेदार मोठ्यानं काही बोलायला लागला तशी धुरपतानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, परक्या पुरुषाच्या तोंडावर! तिचे डोळे पाहून तो गप्प झाला.

आतून सळसळ ऐकू आली. थोडीशी. मग थांबली.

“मूठभर माती सुटली,” ठेकेदार कुजबुजला. “काई नाई होत.”

मनकर्णा साहेबांकडं पाहत होती. दोर तिच्या हातात ताणलेला होता, पण हिसका द्यायचा तिला धीर होत नव्हता. मागच्या वेळी तिनं हिसके दिले होते ना? काय उपयोग झाला होता? उलट त्यानंच माती हलली असेल, असं तर तिला इतकी वर्षं वाटत नसेल? मी रंभाच्या मुठीतूनच तिच्या हाती आले होते, पण हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

पुन्हा सळसळ.

साहेब खाली बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, “बोलवा त्याला. मला दगड नको. मी चुकलो होतो.”

ठेकेदार सापासारखा फुत्कारला, पण कुजबुजतच. “आता नाई म्हनता? चांद्याहून ट्रक आनला, बारूद आनला! तुमाले नाई तं नाई, शिसपेन्सिलवाल्याले विकू!”

“परवानगी माझ्या प्रयोगासाठी आहे. प्रयोग संपला,” साहेब म्हणाले. “नाकेदार, ऐकलंत ना?”

मनकर्णानं डोळे मिटले आणि दोराला दोन हिसके दिले.

काही नाही. दोर तसाच.

साहेबांची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की मला रंभाची आठवण झाली.

मग दोर सैल पडला. आधी पाय आले, मग पाठ, मग मातीनं माखलेलं डोकं. मुखरू उठून उभा राहिला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

“काऊन ओढलं? काळी हाताले लागलीच होती!”

मनकर्णानं त्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या मारल्या. सगळ्या गावासमोर. मग तिथंच बसून रडली. मुखरू गोंधळून म्हणत राहिला, “अवो, काई झालं नाई! काईच झालं नाई!”

आणि खरं सांगायचं तर काहीच झालं नव्हतं. बीळ कोसळलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून मुखरू कितीतरी दिवस तिला टोचत राहिला, “तुया भेवानं कामधंदा बुडाला.” नवरा बिळातून जिवंत बाहेर आला, तेवढं तिला पुरे होतं.

साहेबांनी जाताना मला तिच्या हातात ठेवलं. “हे तुमचं,” म्हणाले. “माझ्या उपयोगाचं नाही आता.” त्यांचं तिकडं पुढं काय झालं, लोक हसले की रागावले, ते मला कळलं नाही. ट्रक सुरू होताना कमरुद्दीननं हात जोडले. “बाई, मले खोकला झाला तं तुमच्याकडंच येईन तेल लावाले.” ठेकेदार मात्र मागून म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं. “पुढच्या उन्हाळ्यात पाहू. टेकडी कुठी पळून जाते?”

त्या शब्दांनी बायांची झोप गेली.

पाऊस लागायच्या आधी मनकर्णानं टोपली उचलली. धुरपता बडबडत मागं आली. “मग घागरी कशानं घोटाच्या वो? तुया डोक्यानं?” पण तिनंही टोपली आणली होती. दोन घरच्या बाया, मग चार घरच्या. नदीकाठचा गाळ, भट्टीची राख, फुटकी खापरं, सगळं त्या बिळात ओतत गेल्या. बिळाचं तोंड भरत आलं त्या दिवशी मुखरू आला. आधी बाजूला उभा राहून पाहत होता. मग एक भलामोठा धोंडा लोटत आणला आणि तोंडावर बसवला. वर बसून घाम पुसला. मनकर्णानं त्याला पाण्याचा गडवा दिला. तो घटाघटा प्याला.

आता टेकडीवर गवत वाढलंय. बीळ होतं कुठं, ते नव्या माणसाला सापडायचं नाही. घराघरातल्या घोटण्या झिजून सुपारीएवढ्या झाल्या, मग हरवल्या. मी पोकळ, मला घासता येत नाही. अहेरीच्या बाजारात आता आमच्या गावच्या घागरी राख्या, मंद दिसतात. बाया वाजवून पाहतात आणि दुसरीकडं जातात.

मी चुलीमागच्या कोनाड्यात असते. मनकर्णा माझ्यात मीठ ठेवते. बरी आहे मी. पण हिवाळ्यात पहाटे सगळं चिडीचूप होतं ना, बाहेर एक पानही हलत नाही, तेव्हा माझ्या अंगावर काहीतरी चढल्यासारखं वाटतं आणि मी दचकते. रस्त्याला मोटार वाजली की मनकर्णाही दचकते. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहतो.

तुम्ही ऐकलंत, म्हणून आता तुमच्या पाया पडते. मी तुम्हाला सगळं सांगितलं, पण गावाचं नाव सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. कधी कुणी शहाणा माणूस तुम्हाला विचारील, त्या भागातल्या घागरी एकेकाळी चांदीसारख्या चमकत होत्या म्हणतात, त्या कशानं? तर एवढं करा. नाही माहीत म्हणा. खरंच हो, नाही माहीत म्हणा.